रुपयात किती पैसे सुख?

तुरीच्या शेंगा सोलत ओट्यावर बसलेली बाई, समोर मांडीवर कागदांची चळत घेतलेली कार्यकर्ती, दोघींच्या मध्ये पाण्याचा तांब्या. पैठण तालुक्यात, पाचोडच्या पंचक्रोशीत, घरोघरचं सर्वेक्षण म्हटलं की असं चित्र डोळ्यांसमोर येतं. घरात माणसं किती, पाणी कुठून आणता, लेकराला कुठल्या लशी दिल्या, हे प्रश्न भराभर उरकतात. मग छापील कागदावरचा एखादा असा प्रश्न येतो : "मावशी, एकंदरीत आयुष्याबद्दल तुम्ही किती समाधानी आहात? अत्यंत समाधानी, समाधानी, तटस्थ, असमाधानी, की अत्यंत असमाधानी?"

हात थांबतात. बाई एकदा कागदाकडे बघते, एकदा दारात उभ्या असलेल्या सुनेकडे. "काय सांगावं माय. बरं चाललंय," म्हणते आणि पुढची शेंग उचलते.

कार्यकर्तीला पाचांपैकी एका चौकटीत खूण करायचीच असते. 'बरं चाललंय'ची चौकट कागदावर नाही. ती जरा थांबते आणि 'समाधानी'वर खूण करते. ते उत्तर पुढे तालुक्याच्या, जिल्ह्याच्या, देशाच्या सरासरीत जाऊन मिसळतं. बाईनं मात्र ते दिलेलंच नसतं.

सुख मोजण्याची प्रश्नावली एका भाषेतून दुसरीत नेणं हे काम वरवर साधं दिसतं. वाक्यं तर चारदोनच असतात. पण गेल्या नव्वद वर्षांत या कामानं भल्याभल्या शास्त्रज्ञांना घाम फोडला आहे, आणि त्यातली एक फार महत्त्वाची गाठ पाचोडमध्ये सुटली. ती सोडवायला बाहेरून काही आणावं लागलं नाही. उत्तर गावच्या बाजारात, सातबाऱ्यावर आणि दुष्काळाच्या याद्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या पडून होतं.

'सहमत-असहमत'च्या पायऱ्या रेन्सिस लिकर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९३२ मध्ये मांडल्या. त्याला लोकांची मतं मोजायची होती. त्याची पट्टी इतकी सोयीची ठरली की पुढे मनातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट तिच्यावर चढवली गेली, सुखसुद्धा. १९८५ मध्ये एड डीनर आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी आयुष्याबद्दलचं समाधान मोजायला पाच विधानं आणि सात पायऱ्या दिल्या. १९९९ मध्ये सोन्या ल्युबोमिर्स्की आणि हायडी लेपर यांनी अवघ्या चार प्रश्नांत काम भागवलं. २००२ मध्ये ऑक्सफर्डच्या पीटर हिल्स आणि मायकेल अर्गाइल यांची २९ विधानांची प्रश्नावली आली. तिच्यात सहा पायऱ्या आहेत आणि २९ पैकी १२ विधानं मुद्दाम उलटी लिहिलेली आहेत, म्हणजे जितकं जास्त सहमत तितकं सुख कमी. या तिन्ही प्रश्नावल्या इंग्रजीत जन्मल्या आणि तिथून जगभर गेल्या.

भाषांतर बरोबर झालं की नाही हे तपासायची रीत १९७० मध्ये रिचर्ड ब्रिसलिन यानं घालून दिली. प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावरच्या विद्यापीठात, दोन भाषा जाणणाऱ्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून त्यानं ती पारखली होती. एकानं इंग्रजीतून आपल्या भाषेत आणायचं. दुसऱ्यानं मूळ मजकूर न बघता ते परत इंग्रजीत न्यायचं. मग दोन्ही इंग्रजी मजकूर शेजारी ठेवायचे आणि फरक दिसला की दुरुस्ती करायची. आजही बहुतेक ठिकाणी हाच शिरस्ता आहे.

रीत चांगली आहे, पण तिच्या हातून एक गोष्ट निसटते. दोन्ही भाषांतरकार शिकलेले असतात, बहुधा एकाच तऱ्हेच्या महाविद्यालयांतून आलेले असतात, एकच शब्दकोश वापरतात. एकानं 'सॅटिस्फॅक्शन'ला 'समाधान' लिहिलं की दुसरा डोळे मिटून परत 'सॅटिस्फॅक्शन' लिहिणार. दोन्ही कागद तंतोतंत जुळतात. 'समाधान' हा शब्द पाचोडच्या ओट्यावर काय अर्थ घेऊन बसला आहे, ते मात्र या फेरीत कुणी विचारतच नाही.

तो अर्थ बघण्यासारखा आहे. वारकऱ्यांच्या मुलखात, एकनाथांच्या पैठणच्याच तालुक्यात, समाधान हा आधी एक गुण आहे आणि मग मनाची अवस्था. जे मिळालं त्यात जो राहतो तो समाधानी. हाव नसलेला, कुरकुर न करणारा, देवानं ठेवलं तसं राहणारा. अशा ठिकाणी "तुम्ही समाधानी आहात का?" हा प्रश्न जवळजवळ "तुम्ही चांगल्या वळणाचे आहात का?" असा ऐकू येतो. त्याला नाही म्हणणार कोण? जिच्या विहिरीला मार्चमध्येच तळ लागला आहे तीही हो म्हणेल, आणि त्यात खोटं काहीच नसेल.

बरं, 'सुखी' घ्यावं, तर त्याचा पाय भाकरीत आणि कपाटात अडकलेला. 'लेक सुखात पडली' म्हणजे खाऊनपिऊन असलेल्या घरी पडली. ती हसतमुख आहे की रोज रात्री उशी भिजवते, हे त्या वाक्यात नाही. 'सुखवस्तू' हा शब्द तर थेट मालमत्तेचाच. 'आनंद' सणासुदीला, पहिल्या नातवाला, पोळ्याच्या बैलांना शोभतो. तो प्रसंगानं येतो आणि प्रसंगाबरोबर जातो, वर्षभर घरात वस्तीला राहत नाही. 'आनंदीआनंद आहे' असं मराठी माणूस म्हणाला की समजायचं, सगळा घोळ झाला आहे. 'बरं' हा तर सगळ्यात जवळचा शब्द. पण "बरं वाटतं का?" विचारलं की बाई कालचा ताप सांगायला लागते. मराठवाड्याच्या बोलीत निजामाच्या राजवटीपासून रुळलेला 'खुश' आहे, पण तो एखाद्यावर खुश असणं, एखाद्या गोष्टीनं खुश होणं, असा वापरतात. नुसतं, कारणावाचून, पाच वर्षं खुश असण्याला तो पुरत नाही.

विधानांचंही तसंच. डीनरच्या प्रश्नावलीतलं एक विधान, आपलं आयुष्य आपल्या 'आयडियल'च्या जवळपास आहे का, या अर्थाचं आहे. मराठीत 'आदर्श' लिहिलं की आदर्श माता, आदर्श शिक्षक, आदर्श गाव डोळ्यांपुढे येतात. इतरांनी कित्ता गिरवावा असं काहीतरी. दुसरं विधान विचारतं की आयुष्य पुन्हा जगायला मिळालं तर त्यात काही बदलाल का. जिथं पुनर्जन्म ही रोजच्या बोलण्यातली गोष्ट आहे तिथं हा प्रश्न या आयुष्याकडे मागं वळून पाहायला लावत नाही, तो पुढच्या जन्माकडे नेतो. "पुढल्या जन्मी बाईचा जन्म नको," असं उत्तर आलं तर ते कुठल्या पायरीवर बसवायचं?

आणि ऑक्सफर्डची ती १२ उलटी विधानं. "मला आयुष्य फारसं सुखाचं वाटत नाही" अशा धाटणीचं वाक्य वाचून दाखवलं की मराठी बाई "नाही" म्हणते. हे 'नाही' म्हणजे "नाही, असं काही नाही" की "हो, नाही वाटत"? मराठीत नकाराला होकार देतानाही 'नाही'च म्हणायची पद्धत आहे. लेखी प्रश्नावलीत हा गोंधळ होत नाही, कारण तिथं आकड्याभोवती गोल काढायचा असतो. तोंडी मुलाखतीत तो हमखास होतो. इंग्रजीत उलटी विधानं विचार न करता हो-हो म्हणणाऱ्याला पकडण्यासाठी घातली होती. मराठीत ती विचार करून उत्तर देणाऱ्यालाच अडकवतात.

वाट निघत नाही असं नाही. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'मानस' हा मोठा प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. तिथं रुग्णांशी बोलताना त्यांनी नैराश्यासारखा जड शब्द बाजूला ठेवला आणि लोक स्वतः वापरतात तो 'टेन्शन' घेतला. शब्द परका होता, पण लोकांनी तो आपला करून घेतला होता. जो शब्द बाजारात चालतो तो प्रश्नातही चालतो, हा त्यातला धडा. जागतिक आरोग्य संघटनेच्या दिल्लीतल्या विभागीय कार्यालयानं १९९२ मध्ये हेल्मुट सेल आणि आर. नागपाल यांची ४० प्रश्नांची, भारतातच घडवलेली प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात कुटुंबाच्या आधाराला स्वतंत्र जागा आहे आणि उत्तराला तीनच पर्याय आहेत. प्रश्न इथलेच घडवले की निम्मी लढाई जिंकली जाते.

उरलेली निम्मी उत्तरांची आहे, आणि ती जास्त अवघड आहे.

प्रश्नाचा एखादा शब्द चुकला तर मुलाखत घेणारी समजावून सांगू शकते. उत्तराची पट्टी चुकली तर सगळंच चुकतं, कारण प्रत्येक प्रश्न तिच्यावरच मोजला जातो. 'समाधानी' आणि 'अत्यंत समाधानी' यांच्यात अंतर किती? 'तटस्थ' म्हणजे मधलं, की 'मला यात ओढू नका'? 'अत्यंत' हा शब्द घरात कोण बोलतं?

हे दुखणं जागतिक आरोग्य संघटनेनं १९९१ मध्ये जीवनमानाची प्रश्नावली घडवायला घेतली तेव्हा ओळखलं. जगातल्या १५ केंद्रांत एकाच वेळी काम चाललं, त्यांत दिल्ली आणि मद्रास ही दोन आपली होती. उत्तरांचे शब्द इंग्रजीतून भाषांतरित करायचे नाहीत, असा त्यांनी नियमच केला. प्रत्येक केंद्रानं आपल्या भाषेतले जरासं, थोडंफार, बऱ्यापैकी, पुष्कळ अशा जातीचे शब्द गोळा करायचे. मग साध्या माणसांपुढे १० सेंटिमीटरची एक रेघ ठेवायची. एका टोकाला अजिबात नाही, दुसऱ्या टोकाला पूर्णपणे. प्रत्येक शब्द या रेघेवर कुठं बसतो ते माणसांनीच खूण करून सांगायचं. ज्या शब्दाच्या खुणा २० ते ३० मिलिमीटरच्या मध्ये पडतील तो पाव भागाचा, ४५ ते ५५ मध्ये पडतील तो निम्म्याचा, ७० ते ८० मध्ये पडतील तो पाऊण भागाचा. एवढी मेहनत कशासाठी, तर पाव, निम्मं आणि पाऊण यांना प्रत्येक भाषेत असा एक-एक शब्द मिळावा जो ऐकताच सगळ्यांना सारखाच कळेल.

मराठीत असे शब्द तयार होते. चार आणे. आठ आणे. बारा आणे. आणि पूर्णला सोळा आणे.

रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, आण्याच्या बारा पै. म्हणजे रुपयाचे ६४ पैसे आणि १९२ पै. हा हिशेब इतका किचकट होता की पंतोजींच्या शाळेत पाढ्यांच्या जोडीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी घोकून घेत. संध्याकाळी दिवेलागणीला अंगणात पोरं सूर लावून ती म्हणत, आणि स्वयंपाकघरात भाकरी थापणाऱ्या बायकांच्याही ती ऐकून ऐकून तोंडात बसत. जमाखर्चाच्या चोपडीत पाव भागाला एक उभी रेघ, निम्म्याला दोन, पाऊणला तीन. ज्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नाही त्यांनी हेच बाजारात शिकून घेतलं. भाजीवालीकडून उरलेले पैसे मोजून घेताना चुकून चालत नव्हतं.

मराठवाड्यात तर माणसांना दोन-दोन रुपये सांभाळावे लागत. हैदराबाद संस्थानाचं नाणं हाली सिक्का, इंग्रजांचं ते कलदार. सात हाली रुपये म्हणजे साधारण सहा कलदार. पण रुपया हाली असो की कलदार, सोळा आणे दोन्हीत. नाणं बदललं तरी पूर्ण, पाऊण, निम्मं आणि पाव तेच राहिले. १७ सप्टेंबर १९४८ नंतर संस्थान गेलं, पुढच्या दशकात हाली सिक्काही गेला. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली आणि रुपयाचे १०० नवे पैसे झाले. आणे कागदावरून पुसले गेले, पण २५ पैशाच्या नाण्याला लोक चाराणे आणि ५० पैशाला आठाणेच म्हणत राहिले.

मोजण्याची ही रीत पैशापुरती कधीच नव्हती. भावाभावांची सामाईक जमीन असली की सातबाऱ्यावर कुणाचा हिस्सा किती, हे आणेवारीनं लावतात. बटईनं शेत दिलं तर पीक आठ-आठ आण्यांनी वाटतात. काम अर्धं झालं तर आठ आणे झालं, गोष्ट पूर्ण खरी असली तर सोळा आणे खरी. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला हा हिशेब तर कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. कशाचाही पूर्ण भाग रुपया मानून त्याचे हिस्से सांगणं, ही मराठी माणसाची शतकभराहून जुनी सवय आहे.

या सवयीचा सगळ्यात गंभीर उपयोग पिकासाठी झाला. भरघोस पीक म्हणजे सोळा आणे, आणि यंदाचं त्यातलं किती, हे डोळ्यांनी अजमावायचं. यालाच आणेवारी म्हणत. तिच्यावर सरकारी सारा ठरायचा, म्हणजे घराची भाकरीही तिच्यावरच ठरायची. १९१८ चा गुजरातेतला खेडा सत्याग्रह याच मोजणीतून उभा राहिला. पीक चार आण्यांच्या आत असेल तर साऱ्याला तहकुबी मिळावी, असा नियम होता. रयत म्हणत होती, पीक चार आण्यांच्या आत आहे. अधिकारी म्हणत होते, जास्त आहे. एकाच शेताकडे बघून दोन माणसं दोन आकडे सांगत होती आणि भांडण त्या आकड्यावर होतं. माणसाच्या मनातला अंदाज आकड्यात कसा उतरवायचा आणि तो कुणाचा खरा धरायचा, हा मानसशास्त्राचा प्रश्न शेतकऱ्यांनी असा बांधावर उभं राहून लढवला आहे.

दशमान पद्धतीनंतर आणेवारीची पैसेवारी झाली. आजही दरवर्षी मराठवाड्यात आधी नजर अंदाज, मग सुधारित, मग अंतिम पैसेवारी जाहीर होते. गावातल्या समितीच्या देखरेखीखाली ठरावीक मापाच्या तुकड्यांत पीक कापून, मळून, वजन करून बघतात. पन्नास पैशांच्या वर की खाली, याकडे अख्ख्या तालुक्याचे डोळे लागलेले असतात. पन्नासच्या खाली म्हणजे टंचाई. २०१६ च्या केंद्रीय नियमावलीनं दुष्काळ ठरवण्याचे निकष बदलले, पावसाचे खंड आणि उपग्रहांची चित्रं त्यात आली, तरी पैसेवारीची बातमी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरून हललेली नाही. पाचोडच्या मोसंबीच्या बाजारात उभा असलेला शेतकरी 'यंदा चाळीस पैसे' म्हणाला की ऐकणाऱ्याला सगळं वर्ष कळतं.

याच गावात इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट, पाचोड ही संस्था काम करते. डॉ. अशोक दयालचंद यांच्या पुढाकारानं ती इथल्या खेड्यांत आणि पुढे पुण्याच्या झोपडपट्ट्यांतही गेली. बायकांचं आणि लेकरांचं आरोग्य, आणि त्याच्या मुळाशी असलेलं मुलींचं लहान वयातलं लग्न, हा तिचा ध्यास. शाळा सुटलेल्या मुलींसाठी संस्थेनं वर्षभर रोज संध्याकाळी तासाभराचे जीवनकौशल्याचे वर्ग चालवले. १९९७ ते २००१ या काळात, वर्ग चाललेल्या भागात मुलींच्या लग्नाचं मध्यक वय १६ वरून १७ वर गेलं. एक वर्ष. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या आयुष्यात ते किती मोठं असतं, हे तिच्या आईला विचारावं.

लग्नाचं वय मोजता येतं. पण मुलीला स्वतःबद्दल काय वाटतं, नवऱ्याशी बोलायचा धीर तिला किती येतो, दवाखान्यातली वागणूक तिला कशी वाटली, हे कसं मोजायचं? शिकलेल्या शहरी माणसासाठी बनवलेल्या पायऱ्या इथं चालत नव्हत्या. निरक्षर बाईला 'अंशतः सहमत' काय सांगणार? ती सरळ हो म्हणते किंवा नाही म्हणते, मधल्या पायऱ्या रिकाम्या राहतात.

संस्थेनं रुपया हाती घेतला. पूर्ण वाटतं तर रुपया, अजिबात नाही तर शून्य, आणि मधलं जे असेल ते पैशांत सांगायचं. नंदिता कपाडिया-कुंडू आणि अशोक दयालचंद यांनी ही पद्धत २००७ मध्ये 'डेमोग्राफी इंडिया' या नियतकालिकातून अभ्यासकांपुढे मांडली. तिचं नाव 'पाचोड पैसा स्केल'. गावाच्या नावानं ओळखलं जाणारं, आरोग्यशास्त्र आणि समाजशास्त्रांसाठी घडवलेलं हे माप आहे. ते खास सुखासाठी केलेलं नाही. पण सुखाची प्रश्नावली मराठीत आणणाऱ्यानं सगळ्यात आधी ज्याच्यापुढे बसावं, असं ते माप आहे, कारण इथं पट्टीचं भाषांतर करण्याची वेळच आली नाही. पट्टी माणसाच्या हातात आधीपासून होती, प्रश्न तिच्यापर्यंत चालत गेला.

तुलनेला शिडी घ्यावी. अमेरिकेच्या हॅडली कँट्रिलनं १९६५ मध्ये 'माणसांच्या चिंता' या विषयावरचा आपला मोठा अभ्यास ग्रंथरूपात आणला. शून्य ते दहा अशा पायऱ्यांची शिडी. वरच्या टोकाला तुम्हाला कल्पना करता येईल असं उत्तम आयुष्य, खाली वाईटात वाईट, आणि तुम्ही सध्या कुठं उभे? ही शिडी भारतातही आली होती. त्यावेळी भारतीयांनी स्वतःला सरासरी ३.७ व्या पायरीवर ठेवलं, अमेरिकनांनी ६.६ वर. हीच शिडी २०१२ पासून निघणाऱ्या जागतिक आनंद अहवालाचा कणा आहे. २०२५ च्या अहवालात १४७ देशांत भारताचा क्रमांक ११८ वा लागला. चित्र सोपं आहे यात शंका नाही. तरी २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या सोळाशेच्या आसपास माणसांवर झालेल्या एका अभ्यासात दिसलं की शिडी म्हटलं की माणसं पैसा आणि सत्ता यांचा विचार करू लागतात. शिडीचं चित्र काढून टाकलं की नाती आणि तब्येत वर येतात. मराठवाड्यातल्या धाब्याच्या घरांत शिडी माळवदावर चढायला असते आणि ज्याचं माळवद उंच त्याचा वाडा मोठा. तिथं शिडी दाखवून सुख विचारलं तर उत्तर वाड्याचं येण्याची भीती जास्त.

रुपयालाही भीती आहेच. सुख पैशांत सांगायचं म्हणजे पैशाचं सुख सांगायचं, असा समज होऊ शकतो. म्हणून कसलेली कार्यकर्ती आधी सरावाचे प्रश्न घेते. गूळ किती आवडतो, रुपयात सांगा. कारलं? कारल्याचे पाच पैसे आणि गुळाचा पूर्ण रुपया आला की समजायचं, बाईनं पट्टी धरली आहे. दुसरं, उत्तरं नाण्यांवर येऊन बसतात. चाराणे, आठाणे, बाराणे. पण जागतिक आरोग्य संघटनेनं १० सेंटिमीटरची रेघ ओढून जे तीन मुक्काम शोधले, ते हेच तर होते. तिसरी अडचण काळाची. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. आज पंधरा वर्षांची असलेली मुलगी पाकिटाऐवजी मोबाईल पुढे करते, चाराणे तिनं कधी हातात धरलेले नाहीत. तिला कदाचित शंभरपैकी गुण विचारणं जवळचं वाटेल. तिच्या आजीला मात्र आणेच हवेत. एका घरात, एका ओट्यावर, दोन पट्ट्या लागतील, आणि लागल्या तर दोन्ही वापराव्यात.

एका गोष्टीत रुपया छापील पायऱ्यांपेक्षा फार उजवा आहे. गावात आपलं चांगलं चाललंय असं मोठ्यानं म्हणायची चोरी असते, दृष्ट लागते. 'अत्यंत समाधानी' या चौकटीत खूण करायला म्हणूनच हात धजत नाही. रुपयात ती अडचण राहत नाही. चार पैसे राखून ठेवले की दृष्टीलाही वाट मिळते आणि सांगणाऱ्यालाही खरं बोलता येतं. नव्वद पैसे म्हणणारी बाई उरलेले दहा कशासाठी ठेवते, हे तिच्या शेजारणीला न विचारता कळतं.

आणि जी तितके सांगत नाही, तिच्याशी बोलणं तिथंच थांबत नाही. छापील प्रश्नावलीत 'असमाधानी'वर खूण केली की पान उलटायचं. इथं रुपया समोर आहे, तो पूर्ण झालेला नाही, आणि उरलेलं दोघींनाही दिसतं आहे.

"मावशी, तुमचं रुपयात किती धरू?"

बाई शेंग हातात धरून हिशेब करते. ओठ हलतात.

"धर दहा आणे."

"मग राहिलेले सहा?"

ती सुपातले दाणे एका बाजूला सारते, ओट्यावर जागा करते आणि कार्यकर्तीला आत सरकून बसायला सांगते.